तगराची स्मृती : तेर ते औंढा नागनाथ

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास रचलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर ही फार मोठी नगरी असल्याचा उल्लेख आहे. तेथील जाडेभरडे व तलम कापड गाड्यांवर लादून भडोच बंदरी जात असे आणि तेथून रोमन साम्राज्याच्या पेठांत पोहोचे. ही नगरी कोणती, याविषयी देवगिरी, जुन्नर, धारूर अशी अनेक मते पुढे आली. अखेर १९०१ साली फ्लीट यांनी ती धाराशिव जिल्ह्यातील तेर होय, असे दाखवून दिले. तेर पैठणच्या आग्नेयेस आहे हे खरे. पण व्यापाऱ्याच्या ऐकीव दिशेस होकायंत्राचा काटेकोरपणा लावणे युक्त नव्हे.

तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे पॉम्पेई येथे १९३८ साली मिळालेल्या मूर्तीशी निकटचे साम्य आहे. दोन्ही नगरींच्या स्मृतीची गती मात्र भिन्न झाली. सन ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पॉम्पेईचे नावही लोक विसरले. त्या टेकाडास ते नुसते ‘शहर’ म्हणत, आणि १७६३ साली सापडलेल्या एका शिलालेखाने ते नाव परत मिळाले. तेर कधी पुरते उजाड झाले नाही. तेथील गजपृष्ठाकार विटांची वास्तू, जी मुळात बौद्ध चैत्यगृह असावी, त्रिविक्रमाचे मंदिर म्हणून पूजेत राहिली.

तरीही रोमच्या व्यापाराची आठवण तेरने ठेवली नाही. उत्तर कोकण व कोल्हापूर येथील शिलाहार राजे शतकानुशतके स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. परंतु ती दूरस्थ राजकुलांची अभिमानस्मृती होती. मराठी लोकमानसात तेर राहिले ते गोरोबा कुंभारांचे गाव म्हणून. गोरोबांनी संतांच्या मस्तकांवर थापटणे मारून पाहिले, नामदेवांचे मडके कच्चे ठरले, आणि नामदेव औंढा नागनाथास विसोबा खेचरांना शरण गेले, अशी परंपरा आहे. औंढा आणि परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानलेले नरसी ही दोन्ही स्थळे, १९९९ साली परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात आहेत. तगराची जी वाट मराठी माणसाच्या ध्यानात राहिली ती भडोचची नव्हे, औंढ्याची.

तेरच्या उत्खननात निघालेल्या सुबक मृण्मूर्ती पाहून सातवाहनकालीन कारागिरांचा धागा थेट गोरोबांच्या चाकापर्यंत नेण्याचा मोह होतो. मध्ये सुमारे हजार वर्षांचे अंतर आहे, हे अभ्यासकाने विसरू नये.