निळ्या जिलेटीनची साक्ष

दुकानाच्या फळीवर ओळीने मांडलेल्या दूरचित्रवाणी संचांत ज्याचा उजेड अधिक, त्याच्याकडेच गिऱ्हाईक वळते, हे अमेरिकेतील कारखानदारांनी फार लवकर ओळखले होते. आणि म्हणूनच तेथील संच कारखान्यातून बाहेर पडे तो कॉन्ट्रास्ट जवळजवळ शेवटच्या टोकाला चढवलेला, शार्पनेस नको तितका वाढवलेला आणि पांढऱ्यात निळ्याची झाक मिसळलेला असाच. दुकानातील लखलखाटात हे रूप उठून दिसे. घरच्या मंद उजेडात ते डोळ्यांना जाचे, तरी घरधनी त्यालाच अस्सल मानून चाले. चित्रपटकर्त्याने स्टुडिओतील ज्या पडद्याकडे पाहून रंग मुक्रर केले, तो पडदा आणि दिवाणखान्यातील हा पडदा यांत पडणारी तफावत मोजण्याचे साधन सामान्य प्रेक्षकाच्या हाती १९८०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत जवळजवळ नव्हतेच.

या तफावतीला अमेरिकेत आणखी एक कारण होते. १९५३च्या डिसेंबरात सरकारी मंजुरी मिळालेल्या एनटीएससी पद्धतीत रंगाची जात एका उपवाहक लहरीच्या कलेवर, म्हणजे फेजवर, अवलंबून असे. प्रवासात ती किंचित ढळली की माणसाचा चेहरा हिरवट किंवा जांभळट होई. एकच रंग दोनदा सारखा दिसायचा नाही, असा या चार आद्याक्षरांचा थट्टेचा विग्रह खुद्द अभियंतेच करीत, आणि प्रत्येक संचावर 'टिंट' नावाची कळ बसवणे भाग पडे. पुढे जर्मनीत निघालेल्या पाल पद्धतीने ओळीआड कला उलटवून हा दोष बराचसा निस्तरला. १९८२ साली आपल्या दूरदर्शनला रंग आला तो याच पद्धतीने. त्यामुळे कार्यक्रमापूर्वी पडद्यावर उभ्या राहणाऱ्या रंगीत पट्ट्यांचा मराठी घरांत 'आता सुरू होईल' एवढाच अर्थ लावला गेला. वास्तविक त्या पट्ट्या म्हणजे अभियंत्यांच्या दफ्तरातील प्रमाणमापे होत. अमेरिकेतील प्रमाणित पट्ट्या १९७०च्या दशकात सीबीएसच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाल्या, आणि काळ्याची पातळी तपासणारी 'प्लूज' ही खूण बीबीसीच्या अभियंत्यांकडून आली.

ही मापे स्टुडिओच्या दारातून बाहेर आणण्याचे श्रेय बव्हंशी जो केन यांना जाते. चित्रपट व दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या अमेरिकन संस्थेत मॉनिटरांच्या प्रमाणीकरणाचे काम केलेल्या या गृहस्थांनी १९८९ साली 'अ व्हिडिओ स्टँडर्ड' ही लेझरडिस्क काढली. माध्यमाची निवडही सहेतुक होती. बारा इंची तबकडीच्या एका प्रकारात प्रत्येक फेऱ्यात एकच चित्र कोरलेले असल्यामुळे ते पडद्यावर हवा तितका वेळ निश्चल धरता येई, आणि ज्याच्यावरून माप घ्यायचे ते थरथरत असून कसे चालेल? पुढे 'व्हिडिओ एसेन्शियल्स' आणि १९९९ची 'अ‍ॅव्हिया' यांनी हीच वाट डीव्हीडीवर आणली.

तपासणीची रीत पाहण्याजोगी आहे. खोलीतला दिवा मालवून प्रथम काळ्या पटावरील उभ्या पट्ट्यांकडे पाहायचे: एक काळ्याहूनही किंचित काळी, दुसरी किंचित उजळ. ब्राइटनेस इतका उतरवायचा की पहिली पटात पार विरून जावी आणि दुसरी जेमतेम दिसत राहावी. मग रंगीत पट्ट्या लावून डोळ्यांपुढे निळ्या जिलेटीनचा तुकडा धरायचा. स्टुडिओतील मॉनिटरला केवळ निळा रंग दाखवणारे बटण असे, घरच्या संचाला ते नसे. त्या बटणाचे काम वेष्टनातून आलेल्या या तुकड्याने भागवले. पांढरा, आकाशी, किरमिजी आणि निळा या चारही पट्ट्यांत निळ्याचा अंश सारखाच असल्यामुळे जिलेटीनमधून त्या सारख्याच उजळ दिसल्या पाहिजेत. पिवळी, हिरवी आणि तांबडी काळी पडतात. पांढरी व निळी जुळेपर्यंत 'कलर'ची कळ फिरवायची, आकाशी व किरमिजी जुळेपर्यंत 'टिंट'ची.

आवाजाचा हिशेबही असाच. प्रत्येक स्पीकरमधून पाळीपाळीने सोडलेला पावसाच्या सरीसारखा 'पिंक नॉइज' बैठकीच्या जागी, कानाच्या उंचीवर धरलेल्या मापकाने मोजायचा आणि सर्व स्पीकर ७५ डेसिबलवर, काही तबकड्यांच्या हिशेबाने ८५वर, आणून ठेवायचे. कानाची खोड डोळ्यासारखीच. जे मोठे तेच चांगले, असा कौल देऊन तो मोकळा होतो.

पांढऱ्याचे माप मात्र घरधन्याच्या आवाक्याबाहेर राहिले. स्टुडिओचा पांढरा साडेसहा हजार केल्विनच्या आसपासचा, कारखान्याचा त्याहून पुष्कळच निळा, आणि तो बदलणाऱ्या कळा तंत्रज्ञांच्या गुप्त यादीत दडवलेल्या. म्हणून १९९४ साली स्थापन झालेल्या इमेजिंग सायन्स फाउंडेशनने प्रशिक्षित तंत्रज्ञांची एक फळीच उभी केली. असा दुरुस्त केलेला संच पहिल्या संध्याकाळी घरच्या मंडळींना फिका आणि पिवळट वाटे. पुढे आठ-पंधरा दिवसांनी कोणी कौतुकाने जुनी मांडणी पुन्हा लावून पाहिली, तर तीच निळीभोर दिसे, आणि इतकी वर्षे आपण हे पाहिले कसे, असा प्रश्न पडे.

आज हे सारे मागे पडत चालले आहे. ध्वनिसंच आपला मायक्रोफोन लावून स्वतःचे माप स्वतः घेतो, आणि २०१९ साली जाहीर झालेल्या 'फिल्ममेकर मोड'मुळे चित्रपटकर्त्याच्या इराद्याजवळचे चित्र एका बटणावर येते. सोय मोठी झाली, याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु बटण दाबणाऱ्याला आपला डोळा फितूर होता हे कधी कळत नाही; अंधारात एक डोळा मिटून, निळ्या तुकड्याआडून चार पट्ट्या जुळवीत बसलेल्या माणसाला ते कळले होते.