शब्द आधी, वेलांटी मागून

गटाच्या बैठकीत हप्ते भरून झाले, वही मिटली, की बोलणं हमखास मुलांच्या अभ्यासावर येतं. एक म्हणते, "पोरगं तिसरीत गेलं, पण वेलांटी काही जागेवर पडत नाही." दुसरी म्हणते, "बाई, आपल्यालाच येत नाही, तर त्याला सांगणार काय?" आज याच गोष्टीवर बोलायचं आहे. पण त्यासाठी दीड-दोनशे वर्षं मागे जाऊ. शाळेतलं शुद्धलेखन कुठून आलं आणि वर्गात कोणाचे शब्द पोहोचले, हे कळलं की आपण घरी काय करू शकतो तेही कळेल.

इंग्रजी अमलाच्या आधी गावोगाव पंतोजींच्या शाळा होत्या. देवळाच्या ओवरीत नाहीतर एखाद्या वाड्याच्या पडवीत त्या भरायच्या. लाकडी पाटीवर धूळ पसरायची आणि तिच्यावर अक्षर गिरवायचं. ती धूळपाटी. पाढे, पावकी, निमकी तोंडपाठ करून घ्यायची. हिशेब यावा, पत्र वाचता-लिहिता यावं, एवढ्यासाठी शाळा. मुली तिथे जवळजवळ नसतच, आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांना तर दारच बंद होतं.

त्या काळी व्यवहाराची लिपी होती मोडी. कुलकर्ण्याचं दप्तर, सावकाराची वही, वाटणीपत्र, सगळं मोडीत. आपल्याकडे जुन्या जमिनीची कागदपत्रं निघाली की ती वाचायला माणूस शोधावा लागतो, तीच ही लिपी. हात न उचलता भराभर लिहायची म्हणून तिच्यात ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत. पहिली वेलांटी की दुसरी, हा प्रश्नच नव्हता. म्हणजे बघा, ज्या मराठीत शेकडो वर्षं राज्याचा कारभार चालला, तिचं अडलं नाही. वेलांटीवरून ज्या मुलाला आज ढ म्हणतात, त्याच्या घरच्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग वेलांटी मोठी कशी झाली? छापखान्यामुळे. पुस्तकं बाळबोध अक्षरात, म्हणजे देवनागरीत छापली जाऊ लागली. एक शब्द हजार प्रतींत जायचा, तर तो एकाच पद्धतीने लिहायला हवा. १८३१ साली मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने शास्त्री-पंडितांना हाताशी धरून मराठी-इंग्रजी शब्दकोश छापला. १८५७ मध्ये त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. या कोशाची मोठी गोष्ट ही, की त्यात पोथीतले शब्द आहेत तसेच शेतातले, चुलीजवळचे, कोकणातले, देशावरचे शब्दही आहेत. १८३६ साली दादोबा पांडुरंग यांचं मराठी व्याकरण आलं आणि पुढे ते शाळांमधून शिकवलं गेलं. शब्दांचा साठा आणि लिहिण्याचे नियम असं दोन्ही तयार होत गेलं. प्रश्न एवढाच होता, की हे पोहोचणार कोणापर्यंत?

इथे सावित्रीबाई आणि जोतीराव फुले येतात. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पुढे त्यांनी अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलामुलींसाठीही शाळा काढल्या. मुक्ता साळवे ही त्यांचीच विद्यार्थिनी. मांग समाजातली, वय साधारण चौदा. १८५५ साली तिचा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. विषय होता मांग-महारांचं दुःख. तिने पाठ केलेलं काही लिहिलं नाही. आपल्या लोकांवर काय गुदरतं ते लिहिलं. हातात अक्षर आलं आणि सांगायला स्वतःचं काही असलं, की चौदा वर्षांची मुलगी साऱ्या समाजाला जाब विचारते.

१८८२ साली शिक्षणाची चौकशी करायला सरकारने हंटर आयोग नेमला, तेव्हा जोतीरावांनी निवेदन दिलं. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं त्यांनी मागितलं. शिकवायचं काय, तेही सांगितलं. मोडी आणि बाळबोध या दोन्ही लिप्यांचं वाचन-लेखन, हिशेब, थोडं व्याकरण, आणि त्याबरोबर शेतीची माहिती आणि आरोग्याचे धडे. कुणब्याच्या पोराला त्याच्या जगण्यातले शब्द वर्गात भेटावेत, हा त्यामागचा विचार दिसतो.

तोच विचार पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाड्यावर नेला. १९४५ साली बोर्डीला त्यांचं काम सुरू झालं आणि नंतर ते डहाणू तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर गेलं. आसपास वारली वस्ती. मुलं शाळेत येईनात. तेव्हा या दोघींनी शाळाच अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा आज आपल्या तोंडी असलेला शब्द त्याच कामातून आला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी गुरं चरतात तिथेच शाळा भरवली, ती कुरणशाळा. विकतची खेळणी परवडत नव्हती म्हणून पानं, फुलं, बिया, खडे हीच शिकण्याची साधनं केली. ज्या मुलाला वर्गात बोलायला शब्द सुचत नाही, त्याला रानातल्या दहा झाडांची नावं येत असतात. तिथून सुरुवात केली तर त्याला वाटतं, मला काहीतरी येतं. आणि मला येतं असं वाटलेलं मूल पुढे शिकतं.

स्वातंत्र्यानंतर शाळेतून मोडी गेली. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर १९६२ साली लेखनाचे चौदा नियम मान्य झाले. १९७२ मध्ये आणखी चार आले. असे मिळून अठरा. आज शाळेत चालतात ते हेच. या नियमांनी लिहिणं सोपं केलं. आजीच्या जुन्या पोथीत 'नाव', 'पाच' या शब्दांच्या डोक्यावर टिंब दिसतं. ते टिंब उच्चारात नव्हतं म्हणून काढून टाकलं. 'कवी', 'गुरू' यांचा शेवट पूर्वी ह्रस्व असायचा, तो दीर्घ झाला. म्हणजे ज्याला कालपर्यंत शुद्ध म्हणत, ते आज अशुद्ध ठरलं. हे नियम माणसांनी सोयीसाठी ठरवलेले आहेत. ते शिकावेत जरूर. अर्जात, परीक्षेत, नोकरीत ते लागतात, आणि गरिबाच्या लेकराला तर कोणी सूट देत नाही. शिवाय वेलांटीने अर्थही बदलतो. पहिल्या वेलांटीचा 'दिन' म्हणजे दिवस, दुसरीचा 'दीन' म्हणजे गरीब. पण वेलांटी चुकली म्हणून मुलाची अक्कल काढू नये.

आता आपल्या घरी या. त्या अठरा नियमांतला एक तर आपल्या स्वयंपाकघरातच बसलेला आहे. मीठ म्हणताना 'मी' लांबतो, म्हणून दुसरी वेलांटी. मिठाचा म्हणताना तो आखूड होतो, म्हणून पहिली. पीठ, पिठाचं. तीळ, तिळाचा. गूळ, गुळाचा. दूध, दुधावर. चूल, चुलीपाशी. मूल, मुलाला. शब्दाला काही जोडलं की आतलं दीर्घ अक्षर ह्रस्व होतं. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र बदलत नाहीत. गीत, गीताचा. शरीर, शरीराला. शब्दाच्या शेवटी आलेली वेलांटी बहुधा दुसरीच असते. आई, पाटी, भाकरी. 'आणि' हा शब्द त्याला अपवाद. भाकरी थापता थापता मुलाला दोन शब्द विचारले तरी कानाला सवय लागते. त्यासाठी आईला लिहिता आलंच पाहिजे असं नाही. बोलता आलं तरी पुरे.

दुसरी गोष्ट शब्दांची. मुलाला नवे शब्द पुस्तकातून मिळतात, तसे आपल्याकडूनही मिळतात. पाभर, तिफण, जू, शिवळ, रास, मळणी हे शब्द ट्रॅक्टर आल्यापासून मुलांच्या कानावर येईनासे झाले. रोज एक शब्द सांगा, तो मुलाने वहीत लिहावा आणि त्याचं एक वाक्य करावं. भेंड्या खेळा. कोडी घाला. आजीला म्हणी विचारायला लावा. गटाचं इतिवृत्त चौथी-पाचवीच्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. 'ठराव', 'परतफेड', 'थकबाकी', 'अनुमोदन' हे शब्द तिला तिथे अर्थासकट भेटतील.

आणि एक पथ्य पाळा. मुलाने चार ओळी मनाने लिहिल्या तर आधी त्या वाचा, त्यात काय सांगितलंय त्यावर बोला. मग दोनच शब्द दुरुस्त करून घ्या. सगळं पान लाल झालं की मूल पुढच्या वेळी ज्याची वेलांटी नक्की येते तेवढेच शब्द लिहितं. हळूहळू लिहिणंच सोडतं. घरी सगळे 'पानी' म्हणतात म्हणून त्याने 'पानी' लिहिलं, तर ते त्याने कानाने बरोबर ऐकलेलं आहे. त्याला सांगा, "आपण घरी पानी म्हणतो, पुस्तकात पाणी लिहितात." घरचा शब्द गावंढळ आहे असं मात्र म्हणू नका. घरच्या बोलण्याची लाज वाटू लागली, की मूल वर्गातही गप्प बसतं.

मुक्ता साळवेच्या निबंधाला आता दीडशेहून जास्त वर्षं झाली. त्यातल्या वेलांट्या कोणी मोजत नाही, तिने काय सांगितलं ते आपण अजून सांगतो. आपल्या लेकीबाळींना शब्द आधी देऊ या, वेलांटी मागून येईल. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या मुलाच्या वहीतला एक नवा शब्द घेऊन यायचा, एवढं ठरवू या.