वसंतराव नाईक : शेतीला राज्यकारभाराच्या केंद्रस्थानी आणणारे मुख्यमंत्री

महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सर्वाधिक काळ भूषविण्याचा मान वसंतराव फुलसिंग नाईक यांच्याकडे जातो. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ त्यांनी राज्याची धुरा सलग वाहिली. बंजारा समाजातील एका शेतकरी कुटुंबातून आलेल्या या वकिलाची कारकीर्द हरितक्रांती, पंचायत राज्य आणि १९७२चा दुष्काळ या तीन गोष्टींशी कायमची जोडली गेली आहे.

जन्म आणि शिक्षण

वसंतरावांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील पुसदजवळच्या गहुली येथे झाला. तांड्यावरील मुलाने शाळेत जाणे हीच त्या काळी नवलाची गोष्ट होती. आसपासच्या गावांत प्राथमिक शिक्षण घेऊन ते पुढे नागपूरला गेले. मॉरिस कॉलेजातून पदवी घेतल्यावर १९४० मध्ये ते कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाले. अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली वकिलीचे धडे गिरवून त्यांनी पुसद येथे व्यवसाय सुरू केला. १९४१ मध्ये नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी झालेला त्यांचा आंतरजातीय विवाह त्या काळात बराच गाजला.

राजकारणात प्रवेश

१९४६ मध्ये ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १९५२ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेश विधानसभेवर निवडून येऊन ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १९५६च्या राज्य पुनर्रचनेनंतर विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. तेथे यशवंतराव चव्हाण यांच्या मंत्रिमंडळात त्यांनी सहकार व कृषी ही खाती सांभाळली. महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर ते महसूलमंत्री झाले.

लोकशाही विकेंद्रीकरणासाठी १९६० मध्ये नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. बलवंतराय मेहता समितीने तालुका पातळीवर भर दिला होता. नाईक समितीने मात्र जिल्हा हा विकासाचा मुख्य घटक मानला. या शिफारशींच्या आधारे झालेल्या कायद्यानुसार १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि राज्यातील ग्रामीण नेतृत्वाची नवी पिढी त्यांतून घडली.

मुख्यमंत्रिपद

मारोतराव कन्नमवार यांच्या निधनानंतर वसंतरावांकडे नेतृत्व आले, तेव्हा राज्यात अन्नधान्याची तीव्र टंचाई होती. दोन वर्षांत राज्य स्वयंपूर्ण झाले नाही तर आपल्याला फासावर द्यावे, असे त्यांनी १९६५ मध्ये पुण्यातील शनिवारवाड्यासमोर जाहीर केले. संकरित ज्वारीचा प्रसार, विहिरी व बंधारे यांवर त्यांनी भर दिला. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील चारही कृषी विद्यापीठे त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली. कापूस एकाधिकार खरेदी योजना आणि सिडकोची स्थापनाही याच काळातील.

तथापि, कोरडवाहू शेतीचा पावसावरील भरवसा सुटला नव्हता. १९७२च्या दुष्काळाने पिके बुडाली आणि स्वयंपूर्णतेचे स्वप्न दूर गेले. सरकारने गावोगावी कामे काढली. १९७३च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख मजूर या कामांवर होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेला वसंतरावांनी पाठबळ दिले. तिला १९७७च्या कायद्याने वैधानिक आधार मिळाला आणि २००५च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यामागेही याच अनुभवाची प्रेरणा होती.

त्यांच्यावर टीकाही झाली. मुंबईतील डाव्या कामगार संघटनांना शह देण्यासाठी त्यांनी शिवसेनेला मोकळीक दिली, असा आरोप विरोधकांनी केला. ‘वसंतसेना’ हे उपरोधिक नाव त्यातूनच रूढ झाले. प्रदीर्घ सत्ताकाळात विदर्भाचा सिंचन अनुशेष भरून निघाला नाही, ही खंतही त्यांच्या भागात व्यक्त होत राहिली.

अखेरची वर्षे

१९७५ मध्ये शंकरराव चव्हाण यांच्याकडे सूत्रे देऊन वसंतराव पायउतार झाले. १९७७ मध्ये ते वाशिम मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक हेही पुढे, १९९१ मध्ये, मुख्यमंत्री झाले. वसंतरावांचा जन्मदिन राज्यात ‘कृषी दिन’ म्हणून साजरा होतो, तर परभणीच्या कृषी विद्यापीठाला २०१३ या त्यांच्या जन्मशताब्दी वर्षात त्यांचे नाव देण्यात आले.