‘एकटी’ आणि ‘एकाकी’ : पंचवटीच्या निमित्ताने एक अर्थविचार

इंग्रजीतील ‘अलोन’ व ‘लोन्ली’ हे शब्द एकाच कुळातील होत. ‘ऑल’ आणि ‘वन’ यांच्या जोडणीतून पहिला सिद्ध झाला. त्याचा आद्य स्वर गळून ‘लोन’ उरला, आणि त्यास प्रत्यय लागून झालेला ‘लोन्ली’ सतराव्या शतकाच्या आरंभापासून आढळतो. सोबतीवाचून वाटणारी उदासी हा अर्थ मात्र त्यास सुमारे दोनशे वर्षांनी चिकटला. मराठीत यांना अनुक्रमे ‘एकटा’ व ‘एकाकी’ हे प्रतिशब्द देण्याचा प्रघात आहे. तो सोयीचा खरा. परंतु त्याच मापाने जुने ग्रंथ वाचू लागल्यास घोटाळा होतो.

पंचवटीचीच कथा घ्यावी. रावण आला तेव्हा पर्णकुटीत सीता एकटी होती. पुढे वृक्षांना तिची वार्ता विचारीत फिरणारा राम आजच्या मराठीत ‘एकाकी’ ठरेल. वास्तविक लक्ष्मण त्याच्याजवळच होता. पाणिनीला हा प्रयोग मान्य झाला नसता. ‘एकाकिन्’ हे रूप तो ‘असहाय’ म्हणजे सोबतीरहित या अर्थी सिद्ध करतो (5.3.52). तेथे मोजणी माणसांची आहे, मनःस्थितीची नव्हे.

यावर बृहदारण्यकाचा आक्षेप निघेल. एकाकी असणारा भितो, त्याला रमत नाही, असे ते उपनिषद सांगतेच (1.4.2-3). परंतु भय आणि अरती त्या शब्दाच्या अर्थातच असती, तर ती वेगळी सांगावी का लागली असती? शिवाय दुसरा कोणी नाही तर भ्यावे कोणाला, या विचाराने ते भय तेथेच नाहीसेही होते. तेव्हा भाव हा ‘एकाकी’चा उत्तरकालीन अर्थ होय. इंग्रजी वाचनाने तो मराठीत बळावला असावा, असे मला वाटते.

(जाता जाता : ‘पंचवटी’ हा समाहार द्विगू. वड पाच, पण पद एकवचनी. संख्येचे एकत्व आणि व्याकरणाचे एकत्व यांची अशी फारकत विद्यार्थ्यांना याच नावावरून शिकविली जाते.)

‘एकटा’चा संसार देशी. ‘एकटादुकटा’ या जोडीत ‘दुकटा’ त्याच्याच साच्यावर बेतलेला आहे. ‘एकांत’ तर संतांनी हौसेने मागितला. त्यात उणीव नाहीच.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटिता, अविवाहिता यांच्यासाठी अलीकडे ‘एकल महिला’ हा प्रयोग रूढ झाला आहे. पुष्कळांना तो कृत्रिम वाटतो. परंतु ‘एकल’ संस्कृतात आहे आणि आपला ‘एकला’ त्याचाच सगोत्र. सासू आणि तीन मुले सांभाळणारी विधवा ‘एकटी’ नसते. तिला ‘एकाकी’ म्हणावे तर तिचे दुःख तिला न विचारताच गृहीत धरले जाते. ‘एकल’ हा शब्द तिचा वैवाहिक दर्जा तेवढा सांगतो, आणि नोंदवहीच्या रकान्यात तेवढेच हवे असते.