आभाळातला खडा वेचणारी पेलागेया

आमच्या गटाच्या बैठकीत एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो. काम बाईनं केलं, पण कागदावर नाव कुणाचं? निंदणी तिची, राखण तिची आणि सातबारा उघडला की नाव भलत्याचंच. आज आम्ही ज्या बाईची गोष्ट सांगणार आहोत, तिचं नाव मात्र नोंदवहीत स्वच्छ लिहिलेलं आहे. ती नोंद जमिनीची नाही, आभाळातल्या एका दगडाची आहे.

मंगळ आणि गुरू या दोन ग्रहांच्या मध्ये लाखो लहानमोठे खडक सूर्याभोवती फिरत असतात. त्यांना लघुग्रह म्हणतात. पहिला सापडला 1 जानेवारी 1801 रोजी. इटलीतल्या पालेर्मो शहरातून पियाझ्झी नावाच्या खगोलशास्त्रज्ञांनी तो पाहिला आणि त्याला सेरेस हे नाव मिळालं. त्यानंतर एकामागून एक लघुग्रह सापडत गेले. शंभर झाले, पाचशे झाले, हजार झाले. पण शोधणाऱ्यांच्या यादीत एकाही बाईचं नाव नव्हतं. बायकांना आभाळ वाचता येत नव्हतं, असं मात्र नाही. कॅरोलिन हर्शेल यांनी 1786 मध्येच धूमकेतू शोधला होता. अडचण होती ती शिक्षणाची आणि दुर्बिणीपर्यंत पोचण्याची.

पेलागेया शाइन यांचा जन्म 1894 सालचा, रशियातल्या पर्म भागात, शेतकऱ्याच्या घरात. त्या काळी तिथल्या विद्यापीठांत मुलींना मुलांसारखा प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी उच्च शिक्षणाचे वेगळे वर्ग चालत. अशा काळात ही शेतकऱ्याची लेक शिकली आणि खगोलशास्त्राकडे वळली. तिचे पती ग्रिगोरी शाइन हेही खगोलशास्त्रज्ञच. 1925 च्या सुमारास दोघं काळ्या समुद्राकाठी क्रिमियातल्या सिमेइझ वेधशाळेत कामाला आले.

लघुग्रह शोधायचा कसा, ते सांगतो. त्या काळी दुर्बिणीला काचेची पाटी लावून आभाळाचा फोटो घेत. हा फोटो चटकन निघत नसे. पाटीवर बराच वेळ प्रकाश पडू द्यावा लागे. तारे एकमेकांच्या मानानं जागचे हलत नाहीत, म्हणून ते ठिपके उमटतात. लघुग्रह सरकत असतो, म्हणून त्याची बारीकशी रेघ उमटते. नाहीतर वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन पाट्या जुळवून पाहायच्या आणि कोणता ठिपका सरकला ते हुडकायचं. आपण सुपात तांदूळ घेऊन खडा वेचतो ना, तसंच हे काम. फरक एवढाच, की तांदूळ हजारो आणि खडाही तांदळाच्याच रंगाचा. नजर आणि धीर, दोन्ही लागतं.

15 ऑगस्ट 1928 च्या रात्री पेलागेयाबाईंना तसा एक ठिपका सापडला. आपल्याला स्वातंत्र्य मिळालं त्याच्या बरोबर एकोणीस वर्षं आधीची ही तारीख. लघुग्रहाची वाट गणितानं पक्की ठरली की त्याला कायमचा क्रमांक देतात, जसा आपल्या जमिनीला गट नंबर असतो. याचा क्रमांक 1112 आणि नाव पोलोनिया, म्हणजे पोलंड देशाचं लॅटिन नाव. बाईनं शोधलेला हा पहिला लघुग्रह. सेरेसनंतर तब्बल 127 वर्षांनी!

हा पोलोनिया आहे तरी कसा? रुंदी सुमारे 36 किलोमीटर, म्हणजे एखाद्या तालुक्याएवढा दगड. सूर्यापासून तो पृथ्वीच्या सुमारे तिप्पट लांब आहे. त्याला एक फेरी पुरी करायला सव्वापाच वर्षं लागतात. स्वतःभोवती मात्र तो अगदी सावकाश फिरतो, एका गिरकीला तीन दिवसांहून जास्त. फार पूर्वी एक मोठा खडक टकरीत फुटला, त्याचे तुकडे आजही साधारण एकाच वाटेनं फिरतात. त्या भाऊबंदांना इऑस कुटुंब म्हणतात आणि पोलोनिया त्यातलाच एक. नुसत्या डोळ्यांनी तो कधीच दिसत नाही.

पेलागेयाबाई तिथं थांबल्या नाहीत. त्यांनी आणखी कितीतरी लघुग्रह शोधले आणि प्रकाश कमी-जास्त होणारे सुमारे दीडशे तारे हुडकले. दुसऱ्या महायुद्धात सिमेइझची वेधशाळा उद्ध्वस्त झाली. पण युद्ध सरल्यावर, 1949 मध्ये, याच बाईंनी एक धूमकेतू शोधला. तो सात-साडेसात वर्षांनी सूर्याजवळ येतो आणि आजही त्यांचं आडनाव मिरवतो. 1956 मध्ये त्या वारल्या.

शाइना नावाचा एक लघुग्रह आहे. तो नवराबायको दोघांच्या आडनावाचा. आणि पेलागिया नावाचा दुसरा आहे, 1190 क्रमांकाचा. तो तिच्या एकटीच्या नावाचा. आम्हाला दोन्ही आवडले. जोडीनं केलेल्या कामाला दोघांचं नाव आणि तिच्या कामाला तिचं नाव, हिशेब इतका सरळ असावा.

म्हणून मैत्रिणींनो, एक विनंती. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या घराचा आणि शेताचा उतारा घेऊन या. एकत्र बसून वाचू. ज्या ओळीत आपलं नाव असायला हवं आणि नाही, तिच्यावर बोट ठेवू. मग तलाठ्याकडे कोणता अर्ज द्यायचा, तेही मिळूनच ठरवू. खडा वेचायची नजर आपल्याकडेही आहेच की.