जुनी फेरारी पहावी सांभाळून

घर पहावं बांधून आणि लग्न पहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. त्यात तिसरी भर घालायला हरकत नाही: जुनी फेरारी पहावी सांभाळून. अशा गाड्यांचे मालक एकत्र आले की टॉप स्पीडच्या गप्पा थोड्याच वेळात संपतात आणि गाडी एका रबरी पट्ट्यावर येते. आज त्या पट्ट्याचाच इतिहास.

आधी थोडी उजळणी. पिस्टन क्रँकशाफ्ट फिरवतात, व्हॉल्व्हची उघडझाप कॅमशाफ्ट करतो, आणि दोघांचा ताल सांभाळतो तो टायमिंग बेल्ट किंवा टायमिंग चेन. बेल्ट शांत चालतो, त्याला तेल लागत नाही, शिवाय स्वस्त पडतो. पण तो तुटला तर या इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनाची पार वाट लागते.

1962 च्या सुमारास ग्लास या जर्मन कंपनीने दातेरी बेल्ट रस्त्यावरच्या गाडीत आणला. 1966 साली फियाटने आपल्या ट्विन कॅम इंजिनात तो वापरला. ते इंजिन केलं होतं ऑरेलिओ लाम्प्रेदी यांनी. हे गृहस्थ 1955 पर्यंत फेरारीत V12 इंजिनं बनवत होते! फेरारी मात्र 1968 च्या डेटोनापर्यंत चेनच वापरत होती. 1969 मध्ये फियाटने फेरारीत 50 टक्के हिस्सा घेतला, आणि 1973 मध्ये दोन गाड्या बेल्ट घेऊन आल्या: आठ सिलिंडरची 308 GT4 आणि बारा सिलिंडरची 365 GT4 BB.

खरी गंमत इथून पुढे आहे. 308 मध्ये इंजिन आडवं बसवलेलं. मागच्या चाकाच्या कमानीतून हात घातला की बेल्ट सापडतो. BB आणि 1984 ची टेस्टारोसा यांच्यात मात्र बेल्टचं तोंड केबिनच्या भिंतीकडे. बेल्ट बदलायचा तर अख्खं इंजिन उतरवायचं! 1989 च्या 348 मध्ये V8 सुद्धा उभं बसवलं. त्यामुळे इंजिन बरंच खाली बसलं, गाडीचा तोल सुधारला, आणि बेल्ट गेला भिंतीआड. त्याच गाडीचा क्लच मात्र अगदी मागच्या टोकाला, इंजिनाला हात न लावता बदलता येतो. 1994 च्या F355 लाही बेल्टसाठी इंजिन उतरवावंच लागतं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे रोजचं आहे. डिझाइन करणारा एकदाच ठरवतो, बिल पुढचे सगळे मालक भरत राहतात.

ऑगस्ट 1988 मध्ये एंझो फेरारी गेले. त्या सुमारास या गाड्यांचे भाव आकाशाला भिडले होते, आणि नव्वदीच्या सुरुवातीला धाडकन कोसळले. मग गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेल्या. गाडीची किंमत उतरली, पण इंजिन उतरवण्याची मजुरी काही उतरली नाही. ज्याला गाडी परवडली त्याला सर्व्हिस परवडेलच असं नव्हतं. हत्ती घेतला, अंकुश राहिला! मग बेल्ट "पुढच्या वर्षी बघू" वर ढकलला जायचा.

आणि हा बेल्ट किलोमीटरइतकाच कॅलेंडरवरही झिजतो. गाडी नुसती उभी असली तरी रबराचं वय वाढतंच. म्हणून साधारण तीन ते पाच वर्षांनी तो बदलावा असं जाणकार सांगतात, मग गाडी रोज पळो की कव्हरखाली झोपो. जपून ठेवलेली गाडी धोक्याची आणि नेमाने चालवलेली, वेळच्या वेळी सर्व्हिस झालेली गाडी भरवशाची, असा उलटा हिशोब इथे लागतो.

फेरारीलाही हे कळत असणार. 1999 च्या 360 मोडेनामध्ये सीटमागचं झाकण काढून बेल्टपर्यंत पोचता येतं. 2004 च्या F430 मध्ये चेन परत आली. V8 गाड्यांपुरतं हे वर्तुळ 31 वर्षांनी पूर्ण झालं. मधल्या गाड्यांची सुटका मात्र नाही. त्यांचं घड्याळ चालूच आहे.

तेव्हा मंडळी, उद्या कुणी चकचकीत लाल 348 दाखवून "फारशी चालवलेलीच नाही हो" म्हणालं, तर किलोमीटर नंतर बघा. आधी बिलांची फाईल मागा, आणि शेवटचा बेल्ट कोणत्या साली बदलला ते विचारा.