क्रमांकाची मुखत्यारी

१८८२ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन शहरांत दूरध्वनीची पहिली केंद्रे उघडली, तेव्हापासून पुढे शंभराहून अधिक वर्षे टेलिफोनचा क्रमांक हा माणसाचा नसून जागेचा होता. केंद्रातून निघालेली तांब्याच्या तारांची जोडी ज्या भिंतीपाशी येऊन थांबे, त्या भिंतीला तो क्रमांक चिकटलेला असे. आणि गिरगावातले बिऱ्हाड उचलून पार्ल्यास नेणाऱ्या गृहस्थाला भांडीकुंडी, देव आणि ग्रंथ बरोबर नेता आले, तरी क्रमांक मागेच ठेवावा लागे. नव्या जागी टेलिफोन हवा तर खात्याकडे स्थलांतराची दरखास्त करावयाची, त्या भागातल्या केंद्रात सोय होण्याची वाट पाहावयाची, आणि अखेर जो नवा क्रमांक पदरी पडेल तो आप्तेष्टांना कळवीत बसावयाचे, असा शिरस्ता होता. त्याविरुद्ध फारशी तक्रारही कोणी केली नाही, कारण जागेवाचून टेलिफोन ही कल्पनाच मुळी कोणाच्या मनात नव्हती.

पुढे तार गळून पडली, तरी क्रमांक स्वतंत्र झाला नाही. भिंतीचा आश्रय सोडून तो यंत्राच्या पोटात शिरला, इतकेच. अमेरिकेत १९८३ पासून जे फिरते टेलिफोन विकले जाऊ लागले, त्यांत विक्रेता ग्राहकाचा क्रमांक यंत्राच्या स्मृतीत स्वतः लिहून देई, आणि यंत्र बदलावयाचे तर तो लिहिण्याचा विधी पुन्हा त्याच्याच हातून करवून घ्यावा लागे. शिवाय ही यंत्रे आपला क्रमांक आणि आपली अंगभूत खूण हवेतून उघडपणे प्रक्षेपित करीत, म्हणून रस्त्याच्या कडेला संदेशग्राही यंत्र घेऊन बसलेल्या चोराला दोन्ही टिपून घेऊन दुसऱ्या यंत्रात उतरविणे सोपे जाई आणि महिनाअखेरीस भलत्याच माणसाच्या माथी भलतेच देयक येई. पश्चिम जर्मनीत १९८५ साली सुरू झालेल्या ‘सी-नेट्झ’ या जाळ्याने मात्र एक निराळी वाट काढली. ते टेलिफोन बहुधा मोटारींत बसविलेले असत, आणि एका मोटारीतून उतरून दुसरीत बसणाऱ्या माणसाने आपली वर्गणी बरोबर न्यावी कशी, या साध्या व्यावहारिक अडचणीतून त्यांनी ग्राहकाच्या हाती एक कार्ड दिले. ते ज्या यंत्रात घालावे ते यंत्र तेवढ्यापुरते त्याचे होई. या कार्डावर आरंभी चुंबकीय पट्टी होती, इलेक्ट्रॉनिक चकती मागाहून आली.

त्या चकतीची वंशावळ मोठी विलक्षण आहे. ओळखीसाठी वापरावयाच्या कार्डात संकलित परिपथ बसविण्याच्या कल्पनेचे पेटंट युर्गेन देथलोफ आणि हेल्मुट ग्रॉटरुप या दोन जर्मन गृहस्थांनी १९६८ साली मागितले. यांपैकी ग्रॉटरुप हा दुसऱ्या महायुद्धात पेनेम्युंडे येथे फॉन ब्राउनच्या हाताखाली व्ही-२ अग्निबाणांच्या नियंत्रणयंत्रणेवर काम करीत असे. युद्ध संपल्यावर फॉन ब्राउन अमेरिकेस गेला, तर ग्रॉटरुपला इतर अनेक जर्मन तंत्रज्ञांसमवेत १९४६ साली रशियात नेण्यात आले, आणि १९५३ साली मायदेशी परतल्यावर त्याने अग्निबाणांचा नाद कायमचा सोडला. ज्याच्या आयुष्याची उमेदीची वर्षे दुसऱ्यांच्या ताब्यात गेली, त्याच्याच विचारातून माणसाच्या ओळखीची किल्ली माणसाच्या खिशात ठेवणारी वस्तू निघावी, हा योगायोगच म्हणावयाचा. पण इतिहासाच्या वाचकाला असे योगायोग सोडवत नाहीत हेही खरे. फ्रान्समध्ये रोलाँ मोरेनो याने १९७४ साली आपले स्वतंत्र पेटंट घेतले, आणि पुढच्या दशकात तिथल्या सार्वजनिक टेलिफोनांसाठी चकतीची कार्डे सर्रास चलनात आली.

युरोपातल्या टपाल व तार खात्यांच्या परिषदेने १९८२ साली सर्व खंडाला एकच फिरता टेलिफोन असावा म्हणून एक मंडळ नेमले. त्याच्याच नावाच्या आद्याक्षरांतून ‘जीएसएम’ हे नाव आले. १९८७ च्या सप्टेंबरात कोपनहेगन येथे १३ देशांनी करारनाम्यावर सह्या केल्या. त्या मंडळाने जी अनेक तांत्रिक कलमे ठरविली, त्यांतले सर्वांत दूरगामी कलम माझ्या मते ध्वनीच्या गुणवत्तेचे नव्हते की लहरींच्या वाटणीचे नव्हते. ते हे की, ग्राहकाची वर्गणी यंत्रात न राहता एका सुट्या कार्डात राहील, आणि ते कार्ड ग्राहकाच्या स्वाधीन असेल. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडचे माजी पंतप्रधान हारी होल्केरी यांनी रेडिओलिन्या या कंपनीच्या जाळ्यावरून ताम्पेरे शहराच्या उपमहापौर कारिना सुओनिओ यांना पहिला दूरध्वनी केला; आणि त्याच वर्षी म्युनिकच्या गीजेके अँड देव्रिएंत या कंपनीने रेडिओलिन्याला ३०० सिमकार्डे पुरविली. ही कंपनी १८५२ साली लायप्झिगमध्ये स्थापन झाली होती, आणि तिचा परंपरागत धंदा चलनी नोटा छापण्याचा होता. ज्याची नक्कल होऊ नये अशी वस्तू बनविण्याची विद्या जिच्या घराण्यात होती, तिच्याकडेच हे काम जावे यात नवल नाही.

सिमकार्डात आपला मोबाइल क्रमांक असतो, अशी समजूत अद्यापही सार्वत्रिक आहे. वस्तुतः जाळे ग्राहकाला त्या क्रमांकाने ओळखतच नाही. कार्डात असते ती १५ अंकी आंतरराष्ट्रीय खूण, जिचे पहिले तीन अंक देशाचे असतात आणि भारताच्या वाट्याला ४०४ व ४०५ आले आहेत. आणि तिच्या जोडीला १२८ बिटांची एक गुप्त किल्ली. या किल्लीची एक प्रत कार्डात व दुसरी कंपनीच्या दप्तरात, अशा दोनच प्रती असतात, आणि कार्डातली प्रत कार्डाबाहेर कधीच येत नाही. फोन सुरू झाला की कंपनी एक यदृच्छ संख्या पाठविते, कार्ड आपल्या किल्लीने तिच्यावर गणित करून उत्तर धाडते, आणि कंपनीने स्वतः केलेल्या गणिताशी ते जुळले की दार उघडते. मराठेशाहीच्या कारभारात शिक्का ज्याच्या हाती त्याचा कागद खरा, तसाच काहीसा हा न्याय आहे. लोक ज्याला आपला नंबर म्हणतात, तो या खुणेपुढे कंपनीच्या नोंदवहीत लिहून ठेवलेला असतो. आणि ही बाब पुढे फार महत्त्वाची ठरली. किल्लीचे गणितही अभेद्य नव्हते. १९९८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अनेक कंपन्या वापरीत असलेले ‘कॉम्प १२८’ हे सूत्र फोडून दाखविले, आणि त्यानंतर काही काळ एकाच कोऱ्या कार्डावर अनेक सिमांच्या नकला उतरवून देण्याचा चोरटा धंदा आशियातल्या बाजारांतून चालला. मग सूत्रे बदलली आणि तो मावळला.

भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी दिल्लीस केलेले संभाषण हा मोबाइल सेवेचा आरंभ मानला जातो. मुंबईत बीपीएल आणि मॅक्स टच ही दोन नावे पुढे आली. दर मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात असल्याने आणि आलेल्या दूरध्वनीचेही पैसे पडत असल्याने, मोबाइल बाळगणारा गृहस्थ घंटा वाजली की आधी कोणाचा आहे ते पाही आणि मग जवळच्या पीसीओकडे वळे. सरकारने देशाचे परिमंडळांत तुकडे केले होते. त्यांत मुंबई एक वेगळे परिमंडळ, आणि उर्वरित महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरे. त्यामुळे मुंबईचा क्रमांक घेऊन पुण्यास किंवा पणजीस गेलेला मराठी माणूस आपल्याच भाषेच्या मुलखात ‘रोमिंग’चा परका ठरे.

२००२ च्या अखेरीस नव्या मुंबईतून कारभार हाकणाऱ्या रिलायन्स इन्फोकॉमने ‘सीडीएमए’ या निराळ्या पद्धतीचे स्वस्त फोन आणले आणि पुढच्या वर्षी ५०१ रुपये भरून फोन देण्याची टूम काढली, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या लाखो लोकांच्या हाती पहिल्यांदा मोबाइल आला. हे उपकार मोठे खरे. पण त्या आरंभीच्या यंत्रांत सिमकार्ड नव्हते. क्रमांक पुन्हा यंत्राशी जखडला गेला, आणि हँडसेट बदलावयाचा तर कंपनीच्या दालनात जाऊन तो नोंदवून घेणे प्राप्त झाले. त्याच काळात जीएसएमचा ग्राहक जुन्या नोकियाचे मागचे झाकण उघडून कार्ड काढी, नव्या फोनात सरकवी, आणि कोणाला विचारल्यावाचून, कोणाची सही घेतल्यावाचून, त्याची सेवा एका यंत्रातून दुसऱ्यात गेलेली असे. क्रमांकाची अशी संपूर्ण मुखत्यारी ग्राहकाला पूर्वी नव्हती, आणि हल्लीची लक्षणे पाहता यापुढेही राहील असे वाटत नाही.

कार्ड स्वतः मात्र झिजत गेले. प्रथम ते बँकेच्या कार्डाएवढे होते. मग २५ गुणिले १५ मिलिमीटरचे झाले, आणि हेच बहुतेकांच्या आठवणीतले ‘सिम’. २०१० साली आयपॅड आणि आयफोन ४ यांनी १५ गुणिले १२ चे मायक्रो सिम रूढ केले, २०१२ साली आयफोन ५ बरोबर १२.३ गुणिले ८.८ चे नॅनो आले. या आकारबदलांनी आपल्याकडच्या मोबाइलच्या दुकानांत एक अल्पायुषी कारागिरी निर्माण केली. कागद टोचण्याच्या यंत्रासारखा दिसणारा सिम कटर दाबून दुकानदार दहा-वीस रुपयांत मोठ्या कार्डाचे लहान करून देई. नॅनो जाडीलाही कमी असल्याने कापून भागत नसे, म्हणून मागून पॉलिशपेपरने घासावे लागे. आणि तुकडा फार लहान कापला गेला, तर त्याला परत जुन्या फोनात बसविण्यासाठी प्लास्टिकची चौकटही दुकानदाराकडे तयार असे. कंपनी नवे कार्ड देत असतानाही लोक हे करीत, कारण कापण्याला अर्ज लागत नसे.

क्रमांक आणि कंपनी यांची ताटातूट २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात सुरू झाली, २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू झाली, आणि ३ जुलै २०१५ पासून परिमंडळाची सीमाही राहिली नाही. १९०० या क्रमांकावर संदेश धाडून आठ अक्षरांचा संकेत मागवावयाचा व नव्या कंपनीस द्यावयाचा, एवढे सोपस्कार झाले की जुने सिम निर्जीव होते आणि नव्या सिमवर तोच नंबर बोलू लागतो. नंबर कार्डात नव्हता, दप्तरात होता, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होता.

ई-सिमचा जन्म माणसांसाठी झाला नाही. कारखान्यातून निघून परदेशी जाणाऱ्या मोटारी, विजेचे मीटर, समुद्रावरची यंत्रे यांतली कार्डे बदलावयास कोणी जायचे, या प्रश्नातून चकती कायमची डाखाने जोडून टाकावी आणि तिच्यातली वर्गणी दुरून बदलावी, ही युक्ती निघाली. २०१६ साली तिचे ग्राहकोपयोगी प्रमाण ठरले, त्याच वर्षी सॅमसंगच्या घड्याळात ती दिसली, आणि २०१८ साली आयफोनात व ॲपलच्या घड्याळांबरोबर भारतात आली. आता कंपनीला नोंदलेल्या क्रमांकावरून संदेश करावयाचा, होकार द्यावयाचा, ईमेलने आलेला क्यूआर कोड नव्या फोनने टिपावयाचा. मग कंपनीच्या संगणकातून त्या एका चकतीपुरतीच कुलूपबंद केलेली प्रोफाइल उतरते. ती एका फोनातून काढून दुसऱ्यात घालता येत नाही. २०२२ पासून जवळजवळ ठेवलेले दोन आयफोन हे काम आपसात करताना दिसतात खरे, पण पडद्यामागे जुनी प्रोफाइल रद्द होऊन नवी घडविली जाते, आणि तीही कंपनीने संमती दिली तरच.

या व्यवस्थेच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. हिसकावलेल्या फोनातून चोराला सिम काढून फेकता येत नाही, आणि परदेशी उतरताच विमानतळावर कार्डाची रांग धरावी लागत नाही. उलट, खोटी कागदपत्रे दाखवून दुसऱ्याच्या नावाचे सिम काढावयाचे आणि बँकेचे ओटीपी लुबाडावयाचे, ही लबाडी दप्तराच्याच दारातून होते, म्हणून सिम बदलल्यावर २४ तास संदेश रोखून धरण्याची आज्ञा झाली, आणि १ जुलै २०२४ पासून बदललेले सिम सात दिवस दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. सप्टेंबर २०२२ पासून अमेरिकेत निघालेल्या नव्या आयफोनांत कार्डाची फटच नाही, आणि २०२५ च्या आयफोन एअरमध्ये ती भारतातही नाही. असा फोन पाण्यात पडून बंद पडला, तर शेजाऱ्याचा जुना हँडसेट घेऊन त्यात आपले कार्ड घालण्याची सोय उरत नाही. ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दालनात जावयाचे, तिथल्या कारकुनाने जुनी नोंद रद्द करून नवी केली की, एक दिवस संदेश येणार नाहीत हे ऐकून घ्यावयाचे, आणि बँकेचे काम दुसऱ्या दिवसावर टाकून घरी यावयाचे.